बसतंय-मामा

रस्त्याच्या कंत्राटदाराच्या यार्डात डिझेलचे बॅरल, डांबराचे डाग आणि एक बसतंय-मामा असायचेच. खरं नाव हजेरीपटात असतं. कुठलंही चाक कुठल्याही यंत्राजवळ गडगडत नेऊन "बसतंय की!" म्हणणं हे त्यांचं काम. टेप लावणं म्हणजे त्यांच्या नजरेचा अपमान. टायरच्या कडेचे आकडे ते टेलिफोन नंबरासारखे मानतात: ज्याला फोन लावायचाय त्यानं वाचावेत.

सॉइल कॉम्पॅक्टरचा मागचा टायर फाटला. त्यावर स्वच्छ लिहिलेलं, २३.१-२६, म्हणजे टायर २३.१ इंच रुंद, डिस्क २६ इंची. मामांनी ट्रॅक्टरचा १६.९-२८ आणला. डिस्क आत खुळखुळायला लागली. "दोन इंचानं काय होतंय? ट्यूबला तेवढंच मोकळं!" टायर डिस्कला धरून राहतो तो कडेतल्या तारांच्या कड्यामुळे, ते सैल असलं तर हवा भरताना टायर अंगावर यायचा. मामांना हे कळत नाही असं समजू नका. हवेची नळी पोराच्या हातात देऊन ते स्वतः तंबाखू आणायला जातात.

पण मामांचं खरं तेज पीटीआरवर. डांबरावर फिरणारा हा नऊ चाकांचा रोलर. टायर गुळगुळीत हवेत, नाहीतर रस्त्यावर नक्षी उठते. पुढच्या चाकांमधली फट मागच्यांनी दाबायची, म्हणून सगळी चाकं एका मापाची आणि हवा सारखी. सरकारी नियमात चौरस सेंटिमीटरला निदान ५.६ किलो. एवढ्यातून मामांनी एकच शब्द उचलला: गुळगुळीत. ह्या पीटीआरला नऊशे-वीसचा टायर लागतो, आणि यार्डातल्या जुन्या ट्रकलाही नऊशे-वीसचाच.

"मग नवा कशाला? आपल्या ट्रकनं फुकटात घासून ठिवलाय!"

तर्काला तोड नाही. टायर शेजाऱ्यांपेक्षा बुटका, तार डोकावतेय, म्हणून मामांनी हवाही जपूनच भरली. मालक खूश. मामांना लोक उगीच नावं ठेवतात. मामा आपोआप उगवत नाहीत, मालकाच्या 'बघा काहीतरी जमवून'वर ते पोसले जातात. नव्या टायरचं कोटेशन त्याच मालकाच्या ड्रॉवरमध्ये दिवाळीपासून पडून आहे.

रोलर दिवसभर फिरला. दुसऱ्या दिवशी पोरसवद्या इंजिनिअरनं डांबराचा कोअर काढला. बुटक्या चाकाच्या वाटेवर थर पुरता दबलाच नव्हता. त्यानं तो तुकडा मामांपुढे धरला. मामांनी तो उलटासुलटा करून पाहिला, तंबाखूची चिमूट ओठाखाली सरकवली.

"आता रोलर उलट्या तोंडानं घ्या, सायेब. त्या कडेलाबी एवढंच दबंल. मग फरक राहतोय कुठं?"