बैठकीत समुद्र, समुद्रात कापूस

वऱ्हाडातल्या पिंपळगाव राजापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे ४०० किलोमीटर. त्यामुळे बैठकीच्या भिंतीला झगझगीत ॲक्वामरीन द्यायचा निर्णय भूगोलाला न विचारताच घ्यावा.

शेड निवडायला खामगावला जावं, पण दुकानातल्या ट्यूबलाइटवर विश्वास ठेवू नये. पांढऱ्या एलईडीखाली हा रंग निळा दिसतो, पिवळ्या बल्बखाली हिरवट. शेड कार्ड आधी उन्हात धरावं, मग घरी नेऊन रात्री पाहावं. मशीनवर रंग तयार झाला की झाकणावरचा नंबर वहीत उतरवून घ्यावा. झाकण हरवतं, रिकामा डबा मात्र घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदतो.

आजोबांच्या काळी एवढा व्याप नव्हता. चुन्यात नीळ कालवली की भिंत आकाशी. ही नीळ म्हणजे अल्ट्रामरीन, ती चुन्यात टिकते. प्रशियन ब्ल्यू तिथे तपकिरी पडतो. आजच्या भडक निळ्या-हिरव्या छटांमागे बहुतेक तांब्याचं थॅलोसायनीन असतं. ते १९३५ साली बाजारात आलं, वऱ्हाडातल्या बैठकीत पोहोचायला जरा वेळ लागला.

नवा गिलावा असेल तर २८ दिवस हात लावू नये. उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. तसलं खारं पाणी गिलाव्यात गेलं असेल तर लोणा फुटतो आणि समुद्राला पोपडे सुटतात. आधी भिंत खरवडून वाळवावी. पुट्टी, प्राइमर, मग रंगाचे दोन हात. पेंटर म्हणेल, ‘एकाच हातात काम होते भाऊ.’ होत नाही.

पहिला हात वाळेपर्यंत शेजारी येऊन जातात.

‘काहून गा, दवाखाना काढून राह्यला का?’

अशा वेळी वाद घालू नये. जिल्ह्यातलं लोणार सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झालं होतं; पुण्याच्या आघारकर संस्थेला त्यामागे हॅलोआर्किया हे खारप्रेमी सूक्ष्मजीव सापडले. खुद्द सरोवर रंग बदलतं तिथे बैठकीनं बदलला तर काय बिघडलं, एवढं बोलून चहा मागवावा.

खरी अडचण दसरा-दिवाळीनंतर येते. वेचलेला कापूस घरात येतो आणि भाव चढेपर्यंत बैठकीतच मुक्काम ठोकतो. २०२२ च्या सुरुवातीला क्विंटलचा भाव दहा हजारांपार गेला होता. त्या आशेवर पुढच्या हंगामात अनेकांनी माल राखून ठेवला, भाव मात्र तिथवर चढला नाही. माल घरात असेल तेवढे महिने भिंत छातीपर्यंत पांढऱ्या ढिगाआड. घरच्यांच्या अंगाला खाज, आणि ॲक्वामरीन दिसतो तो फक्त ढिगाच्या वर. म्हणून महागडा इमल्शन वरच्या निम्म्या भिंतीलाच द्यावा, खाली डिस्टेंपर चालतो. आणि रंग पुरता वाळल्याशिवाय कापूस टेकवू नये. ओल्या भिंतीला चिकटलेला कापूस सोलून काढताना पुट्टीही हातात येते, शिवाय व्यापारी निळ्या कापसाला भाव पाडून मागतो.

कापूस विकला गेला की भिंतीचे दोन भाग उघडे पडतात: खालचा कोरा करकरीत, वरचा धूळ आणि धुरानं मळलेला. तेव्हा वही काढावी, नंबर शोधावा आणि खामगावला फोन लावावा. दुकानदार सांगेल, ती शेड यंदा बंद झाली.