परवानाधारक आबा

ज्याच्या घरात बंदूक असते तो माणूस मोजकं बोलतो, असा कुणाचा समज असेल तर त्याने एकदा धुळ्याला यावं. जुन्या धुळ्यातल्या गल्ल्या नंबराने ओळखल्या जातात. त्यातल्या कुठल्याही गल्लीत शिरून 'बंदूकवाले आबा कुठे राहतात' एवढं विचारा, पोरं थेट ओट्यापर्यंत आणून सोडतील. फक्त संध्याकाळची गाडी पकडायची असेल तर विचारू नका.

आबा म्हणजे एक माणूस नव्हे, तो हुद्दा आहे. कुठे त्याला नाना म्हणतात, कुठे आप्पा. खुणा सगळीकडे त्याच. वय सत्तरीच्या पुढे, घरात आजोबांच्या वेळची दुनळी, सोनगीरकडे किंवा शिंदखेड्याकडे थोडी शेती, बैठकीच्या भिंतीवर काळविटाची शिंगं. शिंगांचा मालकी दाखला फायलीत नीट लावलेला असतो. ते काळवीट मारलं कुणी, यावर मात्र घरात दोन मतं असतात, आणि दुसरं मत स्वयंपाकघरातून येतं.

आबांचा बोलण्याचा अधिकार तसा खोटा नाही. खानदेश हा खरोखरच वाघांचा मुलूख होता. १८२५ साली जेम्स औट्रम नावाचा तरुण इंग्रज अधिकारी भिल्लांची पलटण उभी करायला इकडे आला. धरणगावला त्याने पलटण उभी केली आणि उरलेल्या वेळात वाघ मारले. किती, तर मोजदाद शेकड्यांत जाते. आबा त्याला 'आपला औट्रम' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटावं, परवापर्यंत दोघं मिळून शेवभाजी खायला आग्रा रोडवर जात होते. सातपुड्याच्या पायथ्याचे ते वाघ केव्हाच संपले, पण लळिंगच्या कुरणात आबांच्या आजोबांनी पाहिलेला वाघ अजून धडधाकट आहे आणि दरवर्षी वीतभर वाढतो.

आबांना खरं स्फुरण चढतं ते गिऱ्हाईक आलं की. गिऱ्हाईक म्हणजे शिरपूरकडचा एखादा नात्यातला पोरगा. मक्यात डुकरं शिरतात म्हणून परवाना काढावा असं त्याच्या मनात आलेलं असतं. तो भाबडेपणाने विचारतो, "आबा, पहिलीच बंदूक आहे. सगळ्याला चालेल अशी कोणती घेऊ?"

'सगळ्याला' हा शब्द कानावर पडताच आबा मांडी बदलतात.

"पयले हाई सांग भो, मारनं काय शे?"

"डुकरं."

"नुसती डुकरं?" आबांच्या चेहऱ्यावर अशी निराशा पसरते की पोरगा घाईघाईने ससा जोडतो. मग तितर, लावा, बदक. यादी लांबली की आबा खुलतात आणि एकेक हत्यार निकालात काढू लागतात. पॉइंट टू-टू रायफल? सशापुरती ठीक. डुकराला ती गोळी लागली तर डुक्कर मागे वळून 'कोण आहे?' म्हणून विचारतं. थ्री-फिफ्टीन रायफल? ती डुकराला पुरून उरते, पण आपला मुलूख सपाट, मध्ये ना टेकाड ना झाडी. नेम चुकला की गोळी पुढच्या गावच्या पाण्याच्या टाकीत. सोळा बोअर हलकी, देखणी, आणि काडतूस शोधत मुंबई गाठायला लावणारी. ठासणीची? "आधी दारू भर, मग चिंधी, मग छर्रे, मग गजाने ठास. तोवर डुक्कर मका खाऊन, ढेकर देऊन घरी."

राहिली कोण? बारा बोअर.

इथे आबा उठतात, कपाटाची किल्ली जानव्यासारखी गळ्यात असते ती काढतात, आणि खादीच्या धोतरात गुंडाळलेली वेब्ली अँड स्कॉट बाहेर येते. तिला शिलाई मशीनच्या तेलाचा वास. खटका दाबून आबा ती मधोमध मोडतात, दोनदा फुंकर मारतात आणि नळ्या आभाळाकडे धरून पोराला आत बघायला लावतात. आत प्रकाशाची गोल कडी एकात एक बसत दूर गेलेली. उजव्या नळीत, तोंडापासून चार बोटांवर, गंजाचा तिळाएवढा डाग आहे. तो पोराला दिसला तर पोरगा हुशार. नाही दिसला तर आबा तो दाखवत नाहीत.

मग शिकवणी. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या तर त्यातली एक जिच्यात बसेल ती नळी बारा बोअरची. उजवी नळी मोकळी, जवळच्या शिकारीसाठी. डावी तोंडाशी जराशी आवळलेली, म्हणजे छर्रे लांबपर्यंत एकत्र राहतात. पुढचा चाप उजवीचा, मागचा डावीचा. बंदूक तीच, बदलायचं ते काडतूस. लाव्याला आठ नंबर, तितराला सहा, सशाला चार, डुकराला एलजी. चाळीस पावलांच्या पुढे हात आखडता घ्यायचा. दस्ता कोपराच्या आत टेकवून बोट चापावर बसलं की माप जमलं. पोराचं बोट बसतं. आबांचा चेहरा असा उजळतो की आता साखरपुडाच ठरायचा बाकी.

हा सल्ला, खरं सांगायचं तर, चोख आहे. कुठल्याही जाणत्याला विचारा, तो हेच सांगेल. अडचण एकच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने यादीतलं लावा, तितर, ससा, बदक, डुक्कर सगळंच बंद केलेलं आहे. बरीच वर्षं त्या कायद्याला पाचवी अनुसूची होती. तिच्यातले प्राणी उपद्रवी, त्यांना मारायला आडकाठी नव्हती. शेवटी शेवटी त्या अनुसूचीत उरले होते कावळा, वटवाघूळ, उंदीर आणि घुशी. म्हणजे औट्रमच्या मुलखात दुनळी खांद्याला लावून राजरोस निघायचं ते उंदरावर. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीही काढून टाकली. हे वाचून दाखवल्यावर आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उंदरालाही वकील मिळाला म्हणायचा."

डुकराचं म्हणाल तर, पिकाची नासधूस होत असेल तर वनखात्याकडे अर्ज करून परवानगी मागता येते. आबांनीही एकदा अर्ज लिहिला होता. अर्जाचा मसुदा, त्याची नक्कल, नकलेची झेरॉक्स एवढं होईपर्यंत मका गोण्यांत भरून झाला, आणि डुकरंही भुईमुगाकडे वळली. तेव्हापासून आबांच्या शेतावर रात्री जे चालतं ते मी स्वतः पाहिलेलं आहे. बंदूक शहरात, कपाटात, कुलपात. शेतात माळ्यावर आबा, एका हातात सोनगीरची पितळी परात, दुसऱ्या हातात पळी. परात अशी वाजते की डुकरं तर पळतातच, शेजारचा शेतकरीही उठून बसतो. अगदीच दाटी झाली तर सुतळी बॉम्ब. आबांनी आयुष्यात बंदुकीचे बार किती काढले हे मला ठाऊक नाही, पण परातीला पडलेले पोचे मोजता येतात.

बंदुकीला बाहेरची हवा लागते ती दोनच वेळा. दसऱ्याला तिला झेंडूची माळ पडते, हळदकुंकू वाहिलं जातं. आणि निवडणूक लागली, आचारसंहिता आली की ती पोलीस ठाण्यात जमा होते. लोकसभा, विधानसभा, महापालिका. सासुरवाशिणीने माहेरपणाला जावं तशी ती ठाण्यात जाते, आणि आबा निकालाची वाट उमेदवारापेक्षा जास्त आतुरतेने बघतात. बंदूक परत आणताना पावती दोनदा वाचतात, आणि नळीतला तिळाएवढा डाग जागेवर आहे ना, हे आधी बघतात. डाग असला म्हणजे बंदूक आपलीच.

कायद्यातल्या बदलांची आबांइतकी खडानखडा माहिती वकिलांनाही नसेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, याचं त्यांना मनापासून दुःख आहे. त्यांच्याकडे एकच आहे, हा भाग वेगळा. परवान्याची मुदत तिनाची पाच वर्षं झाली, याचंही दुःखच. दर तीन वर्षांनी नूतनीकरणाच्या निमित्ताने जिल्हाधिकारी कचेरीत एक चक्कर होई, आणि रांगेत चार नवे श्रोते मिळत.

आणि काडतुसं? खडकीच्या कारखान्यातलं 'शक्तिमान' एक आहे. जुनं, कागदी नळीचं. किती पावसाळ्यांची ओल खाऊन ते असं फुगलंय की नळीत अर्धंच जातं. आबा ते हातात खेळवत बोलतात. त्याच्याशिवाय गोष्टीला रंग चढत नाही.

शिरपूरच्या त्या पोराने अर्जाचा नमुना आणला. पोलीस पडताळणी, डॉक्टरचा दाखला, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, बंदूक सुरक्षित ठेवायच्या सोयीचा पुरावा, अशी यादी वाचली, आणि मक्याभोवती तारा ओढून सोलरचं झटका मशीन बसवलं. डुकरं येईनात. हे आबांना सांगायचं कुणी, यावर घरात बैठक झाली. शेवटी तो पोरगा स्वतःच पेढे घेऊन आला आणि खाली मान घालून सांगून मोकळा झाला.

आबांनी पेढा तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि विचारलं, "बॅटरी किती व्होल्टची घेतली?"

"बारा."

"मग बरोबर," आबा म्हणाले. "पहिली नेहमी बाराचीच घ्यावी."