पोस्टर राहू द्या साहेब, पाळीचा तक्ता बदला

माननीय एचआर मॅनेजर साहेब,


10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, तुमच्या कॅन्टीनबाहेरच्या बोर्डावर पोस्टर लागलं. निळं आकाश, हसरी मुलगी आणि खाली ठळक अक्षरांत 'ताण घेऊ नका, बोलते व्हा'. त्याच बोर्डावर, पोस्टरला अगदी खेटून, त्या महिन्याचा पाळीचा तक्ता होता. तुमच्याच एका ऑपरेटरनं दोन्हींचा एकत्र फोटो काढून मला दाखवला. पोस्टरची छपाई उत्तम आहे. पण माझं लक्ष तक्त्याकडं गेलं, कारण तो लावता तुम्ही आणि त्याचे परिणाम येऊन उभे राहतात माझ्या काउंटरवर. चाकणजवळच्या निघोज्यात माझं औषधांचं दुकान आहे.

तक्ता असा: आधी थर्ड म्हणजे रात्रपाळी, मग सेकंड, मग फर्स्ट, आणि परत थर्ड. दर आठवड्याला माणसाची झोप मागं मागं ओढायची. तुम्ही शिकलेले आहात, तेव्हा तुम्हाला ठाऊक असेलच की शरीरातलं घड्याळ पेशींच्या पातळीवर कसं चालतं हे उलगडल्याबद्दल 2017 मध्ये तीन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. ते घड्याळ सरासरी चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं. म्हणून बहुतेकांना झोप पुढं ढकलणं त्यातल्या त्यात जमतं, मागं ओढणं फार जड जातं. रोटेशन करायचंच असेल तर फर्स्ट, सेकंड, थर्ड असं पुढं सरकतं ठेवावं, हे पाळ्यांवर अभ्यास करणारे कधीपासून सांगताहेत. ते करायला तुम्हाला नवी मशीन लागत नाही, बजेट लागत नाही. एक्सेलमधले तीन रकाने इकडचे तिकडं करायचे. तेवढंही तुमच्याकडून झालं नाही.

आता काउंटरवर काय येतं ते ऐका. सकाळी थर्ड सुटल्यावर कंपनीच्या बस चौकात थांबतात. परवा परभणीकडचा एक मुलगा आला. पंचविशीच्या आतला, ओळखपत्र अजून गळ्यात. म्हणाला, "काका, झोपेची एकच गोळी द्या ना, चार दिवस डोळ्याला डोळा नाही." अल्प्राझोलामसारखी गोळी शेड्यूल एच-1 मध्ये येते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाही, आणि दिली की वेगळ्या रजिस्टरला नोंद करून ते तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. मी नाही म्हणालो. त्यानं अ‍ॅसिडिटीची पट्टी घेतली, डोकेदुखीची गोळी घेतली. सुटे पैसे मोजताना दोनदा चुकला. बोटं थरथरत होती. त्याच रात्री ती बोटं पुन्हा पॉवर प्रेसखाली जाणार होती.

झोपेची गोळी मिळाली नाही की काही जण माझ्या दुकानातून निघून देशी दारूच्या दुकानात जातात. तिथं चिठ्ठी लागत नाही. त्यातून कुणाला सवय जडली, की तुमच्या फाइलमध्ये शेरा पडतो: 'व्यसनी, गैरहजर'. ते व्यसन सुरू कुठं झालं, यासाठी तुमच्या फॉर्ममध्ये रकाना नाही. वाहन उद्योगात तुटलेल्या बोटांचा हिशेब मांडणारे 'क्रश्ड' नावाचे अहवाल सेफ इन इंडिया ही संस्था 2019 पासून काढते आहे. एकदा वाचा. जखमींच्या कामाचे तास किती होते तेही त्यात आहे.

घरचं मात्र कुठल्याच अहवालात सापडणार नाही. माझ्या दुकानामागच्या खोल्यांमध्ये तुमचे कामगार राहतात. एक खोली, वर पत्रा, दिवसा अंधार करायला खिडकीवर गोधडी टांगलेली. नवरा थर्ड करून आला की बायको कुकर लावत नाही, शिट्टीनं जाग येईल म्हणून. चार वर्षांच्या पोराला ती उन्हात गल्लीत घेऊन बसते, त्याला हळू बोलायला शिकवते. काही घरांत दोघंही कामाला जातात, ती हार्नेसच्या लाइनला आणि तो प्रेसवर. त्यांची भेट दारात होते, एक आत येताना आणि दुसरा बाहेर पडताना. भांडायलासुद्धा वेळ नसतो, मग जे साठतं ते रविवारी फुटतं. एक बाई पोराच्या तापाचं औषध घ्यायला आली होती. पैसे देताना सहज म्हणावं तसं म्हणाली, "हे आता बोलतच नाहीत हो. जेवतात आणि भिंतीकडं तोंड करून पडतात." मी तिला डॉक्टरांचं नाव दिलं. ती म्हणाली, "सुट्टी टाकली तर ब्रेक देतील."

तुम्हाला विचारलं की तुम्ही म्हणता, "त्याचा काहीतरी घरचा प्रॉब्लेम असेल." असेलच ना साहेब. घरात तुमचाच तक्ता राहतो. रिलीव्हर आला नाही म्हणून सोळा तास उभा राहिलेला माणूस घरी जाऊन हसत नाही. त्याला तुम्ही जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटांचं ध्यान शिकवलंत आणि त्याचा फोटो कंपनीच्या पेजवर टाकलात.

ब्रेकबद्दल तर बोलायलाच हवं. कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांना सात महिने झाले की तुम्ही घरी बसवता, मग नव्या ठेकेदाराच्या नावावर परत घेता. याचा मानसिक आरोग्याशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांचा ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, तुम्ही कापता. ईएसआयच्या 34 दीर्घ आजारांच्या यादीत क्षयरोग आणि कर्करोगाच्या बरोबरीनं स्किझोफ्रेनिया आहे, काही प्रकारचं तीव्र नैराश्य आहे. अशा आजारात पगाराच्या 80 टक्के रक्कम दीर्घकाळ मिळू शकते. पण त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी दाखवावी लागते. ती सलगता तुम्हीच तोडता. ज्या कागदावर पोराला आधार मिळाला असता, तो कागदच तुमच्या ब्रेकनं रद्द होतो. कायम कामगारांपैकी किती जणांना या यादीची माहिती आहे, हे एकदा लाइनवर जाऊन विचारा. बोर्डावर पोस्टरऐवजी ती यादी लावली असती तर मी तुम्हाला हात जोडले असते.

आणि आता बारा तास येताहेत. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांतली दिवसाच्या कामाची मर्यादा 9 वरून 12 तासांवर न्यायला मंजुरी दिली. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा 115 तासांवरून 144 वर. कामगाराची लेखी संमती हवी, असंही त्यात आहे. ज्याचा ब्रेक पुढच्या महिन्यात आहे तो संमतीच्या कागदावर सही करणार नाही, असं तुम्हाला मनापासून वाटतं का?

2024 मध्ये पुण्यातल्या एका बड्या लेखापरीक्षण कंपनीत काम करणारी 26 वर्षांची सीए गेली. तिच्या आईनं कंपनीच्या प्रमुखांना कामाच्या ताणाबद्दल लिहिलेलं पत्र देशानं वाचलं, संसदेपर्यंत चर्चा गेली, केंद्रानं चौकशी लावली. व्हायलाच हवं होतं ते. पण तिच्या आईला पत्र लिहिता येत होतं. गंगाखेड किंवा वाशिमकडच्या ज्या आयांची पोरं इथं तुमच्या लाइनवर उभी आहेत, त्यांना तुमच्या कंपनीचं नावसुद्धा नीट माहीत नसतं, ठेकेदाराचं माहीत असतं. त्यांच्या वतीनं हे पत्र मी लिहितो आहे.

तुम्हाला आकडे आवडतात म्हणून एक सांगतो. नैराश्य आणि चिंतेमुळं जगात दरवर्षी कामाचे 12 अब्ज दिवस वाया जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. त्याच संघटनेनं सप्टेंबर 2022 मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात कामगाराला ताण सहन करायला शिकवण्याच्या जोडीनं, ताण निर्माण करणारं कामच बदलायला सांगितलं आहे, आणि मॅनेजरना प्रशिक्षण द्यायलाही. म्हणजे तुम्हाला. ते प्रशिक्षण तुम्ही घेतलंय का? आपल्याकडं 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या सुमारे 85 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नसल्याचं दिसलं होतं. निघोज्यातून पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयाला किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयाला जायचं म्हणजे चाकणची वाहतूक धरून अख्खा दिवस मोडतो. तो दिवस भरपगारी द्या. कारण विचारू नका.

हे पत्र कामगारांनी वाचलं तर त्यांच्यासाठी एवढंच: सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, कंपनीला कळत नाही. झोप येत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर माझ्याकडं गोळी मागण्याआधी तिथं फोन करा. घरातल्या माणसानं केला तरी चालतो.

आणि साहेब, पुढच्या महिन्याचा तक्ता 25 तारखेला लागतो ना? तो फर्स्ट, सेकंड, थर्ड असा लावा. सोळा तासांची डबल पाळी बंद करा. तेवढं झालं की मग बोलू.

आपला,
निघोज्यातला एक औषधविक्रेता