पूल बघायला चाललोत

पूल ओलांडायचा असतो, बघायचा नसतो, याबद्दल बीडमध्ये दुमत नाही. बिंदुसरा शहराच्या मधून जाते. अलीकडे जुनं गाव, पलीकडे पेठ बीड. दूध, लग्नपत्रिका, उसने पैसे, सगळं पुलांवरून ये-जा करतं. त्यामुळे अण्णांनी रविवारी सकाळी, "आज सगळ्यांनी दगडी पूल बघायला जायचं," असं जाहीर केलं, तेव्हा आईला वाटलं, पूल खचला.

दोष पुण्याचा होता. दिवाळीला पुण्याहून ताई-दाजी आले होते. जेवताना दाजींनी विचारलं, "बीडात बघण्यासारखं काय आहे?" आणि उत्तराची वाट न बघता लकडी पुलाचा इतिहास सुरू केला. 1761 साल, पानिपत, नानासाहेब पेशवे. जावयाला तोंडावर उत्तर देता येत नाही. म्हणून अण्णांनी पूलच दाखवायचं ठरवलं.

पूल घरापासून चालत जाण्याइतका जवळ. पण सहल म्हटल्यावर आईनं धपाटे, ठेचा, दह्याचा डबा, सतरंजी आणि पाण्याची कॅन बांधली. तुळजापूरलासुद्धा आम्ही एवढं नेत नाही. दोन रिक्षा केल्या.

"इथं उतरून कुटं जाणार?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"इथंच."

"इथं काय हाय?"

"पूल," अण्णा म्हणाले. त्यानं पैसे आधी मोजून घेतले.

पुलावर उभं राहायला जागा म्हणून नसते. मागून हॉर्न, पुढून हातगाडा. आम्ही कठड्याला चिकटून खाली बघू लागलो. दोन मिनिटांत एक मोटारसायकल थांबली. "काय झालं? कुणी पडलं का?" तोही वाकून बघू लागला. मग दुसरी थांबली. बघता बघता पन्नासेक माणसं कठड्यावर ओणवी झाली आणि प्रत्येकाला खाली काहीतरी दिसू लागलं. एकाला चप्पल दिसली. एकाला हात दिसला, पण ती फांदी निघाली. गर्दी बघून शेंगदाणेवालाही आला. इतक्या लोकांनी तो पूल एका वेळी कधी बघितला नसेल. अण्णांची छाती फुगली.

"नदी कुठंय पण?" दाजींनी खालच्या ओघळाकडे बघत विचारलं.

"जावईबापू, हीच नदी 1989 च्या जुलैत बघायची होती. पार घरात आली होती."

दाजींनी लगेच पानशेत काढलं. 12 जुलै 1961. त्यांचा जन्मही झाला नव्हता, पण पाणी कुठल्या पेठेत किती चढलं ते ते हातानं दाखवत होते. यावर अण्णा शांतपणे म्हणाले, "धरण फुटून काय, कुणालाही पूर येईल. आमचा नुसत्या पावसाचा होता."

पुराच्या बाबतीत माणूस इतका गर्विष्ठ का होतो, देव जाणे.

धपाटे खायला शेवटी कंकालेश्वराला गेलो. भर पाण्यात उभं असलेलं ते जुनं दगडी देऊळ. आत जायला पाण्यावरून वाट. भिंतीवर हत्यारं घेतलेल्या बायका कोरल्यात. ताई त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली, तशी दाजींनी स्वतःहून कॅन उचलली. अण्णांनी तेवढ्यात 1582 ची खजाना विहीरही तोंडी उरकली.

"बाबा, तुमच्या लकडी पुलात लाकूड किती आहे?" भाचीनं विचारलं.

"आता नाही. दगडी आहे."

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी जावयाच्या ताटात आणखी एक धपाटं वाढलं आणि म्हणाले, "आमच्या दगडी पुलात दगडच आहे. घ्या, ठेचा घ्या."

सोमवारी सकाळी शेजारच्या काकू तोंड पाडून आल्या. दाजी ओसरीत सीताफळ खात बसले होते, त्यांच्याकडे पाठ करून त्या आईला हळूच म्हणाल्या, "काल पुलावरून पुण्याचा कुणाचातरी जावई पडला म्हणे. लई वाईट झालं. तुमचे आलेत ना घरी?"

आईनं मागं वळून बघितलं. "आलेत की. खायलेत."