बीओपी काका

कर्जत-खालापूर भागात गावागणिक एक जाणकार असतो. कुणाला सात-बारे तोंडपाठ, कुणाला घाटातल्या इंजिनांचे नंबर. चहातला जाणकार ही त्या मानाने नवी जात. हे गृहस्थ नोकरीभर कर्जत लोकलने मुंबई गाठत आलेले, आणि कधीतरी एलटीसीवर दार्जिलिंगला जाऊन आलेले असतात. तिथल्या चहाच्या कारखान्यात ते अर्धा तास हिंडलेले असतात. निवृत्तीनंतरचा सगळा काळ मग त्या अर्ध्या तासावर निघतो. आमच्याकडच्या नमुन्याला पोरं 'बीओपी काका' म्हणतात.

बीओपी म्हणजे ब्रोकन ऑरेंज पेको. त्यात संत्र्याचा काही संबंध नाही, हे काका न विचारता सांगतात. त्यांचा आवडता मंत्र मात्र एसएफटीजीएफओपी-वन. सुपर फाइन टिप्पी गोल्डन फ्लॉवरी ऑरेंज पेको वन. हा दार्जिलिंगच्या पानाचा वरचा दर्जा. भिवपुरी रोड सुटल्यावर काकांनी तो उलगडायला घेतला की कर्जतचा फलाट येईपर्यंत पुरतो.

विषय त्यांना पक्का कळलाय, हे मान्य करायला हवं. ते भाताच्या गिरणीवरून समजावतात. भरडल्यावर चाळणीवर अख्खा तांदूळ वेगळा, तुकडा वेगळा, कणी वेगळी. चहाचंही तेच. पान सुकवलं, वळलं, आंबवलं, भाजून वाळवलं की चाळण्यांवर टाकतात. सगळ्यात वर अख्खं पान, त्याखाली ब्रोकन, मग फॅनिंग्ज, आणि तळाला डस्ट. "म्हणजे ग्रेड हे माप आहे, गुण नव्हे! धूळ म्हणजे केर नव्हे!" असं काका बोट नाचवून सांगतात. एकदा गिरणीवरच्या आजी म्हणाल्या, "अरे, कणी तर आम्ही कोंबड्यांना घालतो." त्यावर काकांनी विल्यम मॅकर्चर काढला. या साहेबाने 1930 च्या सुमारास आसामात सीटीसी यंत्र आणलं. दातेरी रुळांमधून पान चिरडायचं, फाडायचं आणि त्याचा दाणा वळायचा. तिथे तुकडा होणं हा अपघात नसतो, तुकडा करायचाच असतो. आपल्या वाण्याकडची 'ममरी' म्हणजे हाच दाणा. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि दळण उचललं.

पण एवढं सांगून पाच मिनिटं होत नाहीत तोच काका स्वतःच घसरतात. माणसं जोखताना त्यांना माप आणि गुण यांतला फरक आठवत नाही. अमेरिकेतला जावई ओपी. सोसायटीचे सेक्रेटरी फॅनिंग्ज. रिक्षात पाय पसरून बसणारा? डस्ट! फार्महाऊसवाल्या मुंबईकरांना ते 'फ्लॉवरी' म्हणतात, आणि ही तारीफ नसते. अशाच एकाने विचारलं, "काका, इथे इतका पाऊस पडतो, मग चहाचा मळा का नाही करत?" काका म्हणाले, "चहाला पाऊस वर्षभर वाटून हवा असतो. आपला चार महिन्यांत सगळा कोसळून मोकळा होतो." उत्तर अचूक होतं. त्याने मग कुंपणाला गवती चहा लावला. त्याला चहा म्हणतात याचा काकांना अजून राग आहे.

वाण्याच्या दुकानात ते चुंबक घेऊन जातात. सीटीसीचे रूळ झिजतात, लोखंडाचा कीस दाण्यात उतरू शकतो, हे खरंच आहे. पण पुडा न घेता पाच प्रकारांवर चुंबक फिरवणारं गिऱ्हाईक वाण्याला किती आवडणार?

खरी आफत घडली खालापूरकडच्या एका पाहण्याच्या कार्यक्रमात. मुलीकडच्यांनी चहा आणला. काकांनी आधी कपात नाक घातलं. मग चहा असा सुर्रकन ओढला की मुलाच्या आईच्या हातची पोह्यांची बशी कलंडली. टी टेस्टर असाच ओढतात, चहा हवेसकट जिभेवर पसरावा म्हणून. पण टेस्टर नंतर तो थुंकतात, आणि काकांची नजर कोपऱ्यातल्या कुंडीकडे वळलेली सगळ्यांनी पाहिली. लग्न जमलं. याद्यांच्या बैठकीला काकांना कुणी बोलावलं नाही.

त्यांना पुरून उरला तो फलाटावरचा चहावाला. पुण्याकडच्या गाड्यांना बोरघाट चढवायला कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात, कारण चढ 37 फुटांना एक फूट. तेवढ्या थांब्यात माणसं वडापाव आणि चहासाठी धावतात. काकांनी चहावाल्याला चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक ऐकवलं: 100 मिली पाण्याला दोन ग्रॅम चहा, आणि सहा मिनिटं झाकून. चहावाला पातेलं ढवळत म्हणाला, "काका, तुमच्या सहा मिनिटांत गाडी पळसदरीला पोचते. अख्ख्या पानाचं पाणी तोवर गोरंच राहतं. मला भुकटीच लागते. टाकली की रंग, दोन उकळ्या की कडक."

शास्त्रही हेच सांगतं. तुकडा जितका बारीक तितकं पाणी त्याला जास्त बाजूंनी भिडतं, अर्क लवकर उतरतो. काका हे स्वतः शंभरदा बोललेत, पण चहावाल्याच्या तोंडून ऐकताना त्यांचा चेहरा सेकंड फ्लशच्या चहासारखा तांबूस झाला. कोलकात्यात 1861 पासून चहाचे लिलाव होतात. तिथेही नुसत्या ग्रेडच्या नावावर भाव ठरत नाही, आधी चाखणाऱ्याची जीभ लागते. चांगली आसाम डस्ट शिळ्या पानापेक्षा महाग जाऊ शकते.

तेव्हा वाचकहो, दूध, साखर, आलं घालून उकळणार असाल तर बिनदिक्कत डस्ट किंवा बारीक दाणा घ्या, आणि बिनदुधाचा प्यायचा असेल तरच पानावर पैसे घाला. दोन्हीपैकी काहीही आणलंत तरी पुडा काकांना दाखवू नका.