आयात मास्तर

कोरियात इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा साधारणपणे सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. यात भारत नाही. आपल्याकडे उच्च न्यायालयाच्या निकालापासून बारशाच्या निमंत्रणापर्यंत सगळं इंग्रजीत होतं, हे त्यांना कोणी कळवलेलं दिसत नाही. मी इथे आलो तो मालाच्या वाटेने. भारत आणि कोरियातला व्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यात जकातीच्या कलमांसोबत भारतीय इंग्रजी शिक्षकांनाही सरकारी शाळांत सहायक म्हणून येण्याची मुभा मिळाली. माझी तक्रार नाही. आयात मालाच्या खोक्यावर निदान ‘काळजीपूर्वक हाताळा’ असं छापतात, एवढंच म्हणतो.

डेगूच्या हायस्कूलमध्ये पहिल्या तासाला मी म्हणालो, काहीही विचारा. मुलांनी वय विचारलं, लग्न विचारलं, लग्न का नाही ते विचारलं आणि शेवटी माझा एमबीटीआय विचारला. ही चार अक्षरांची कुंडली इथल्या प्रत्येकाला पाठ असते. मला माझी ठाऊक नव्हती. वर्गाने एकमेकांकडे पाहिलं. लग्न का नाही, याचं उत्तर त्यांना मिळालं होतं.

त्यानंतर मी रोज वर्गात शिरताना ‘हाऊ आर यू’ विचारतो. तीस मुलं एका सुरात म्हणतात, ‘आय अ‍ॅम फाइन, थँक यू, अँड यू?’ मास्क लावून खोकणारी मुलगी फाइन असते. ज्याचा मोबाइल आत्ताच जप्त झाला तो फाइन असतो. माझं कसं चाललंय हे सांगायला मी तोंड उघडतो, तोवर सगळे खाली बसलेले असतात.

वेळापत्रकाचं म्हणाल तर ते बदलतं, आणि बदलल्याचं मला बदलून झाल्यावर कळतं. रिकाम्या वर्गात मी फळ्यावर तारीख लिहून वाट बघतो. मुलं मैदानावर क्रीडादिन साजरा करत असतात. सहशिक्षिका अतिशय नम्रपणे सांगतात की सगळ्यांना मेसेज गेला होता. गेलाच होता, कोरियनमध्ये. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं नसतात, शिक्षक नसतात, पण करारात कामाचे दिवस असतात. म्हणून ऑगस्टमध्ये मी स्टाफरूममध्ये एकटा खुर्ची राखतो. डेगू हे कोरियातल्या सर्वांत उष्ण शहरांपैकी एक. एसीचं बटण ऑफिसात आणि ऑफिसला कुलूप.

दुपारचं जेवण शाळेतच मिळतं. मी शाकाहारी आहे हे सांगितल्यावर स्वयंपाकघरातल्या मावशींनी मनापासून मदत केली. सूप सुकटीच्या पाण्यात उकळलेलं होतं, पण मासे काढून टाकलेत, अशी त्यांनी खात्री दिली. किमची भाजीचीच, मुरवताना खारवलेली कोळंबी पडते, तीही दिसत नाही. मी भात खातो. भाताबद्दल माझी तक्रार नाही.

आता मुख्य मुद्दा. नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा होते. त्या दिवशी कचेऱ्या उशिरा उघडतात, शेअर बाजारही उशिरा उघडतो, उशीर झालेल्या मुलांना पोलीस मोटारसायकलवरून केंद्रावर पोहोचवतात. इंग्रजी ऐकण्याचे प्रश्न सुरू झाले की देशभरातल्या विमानांची उड्डाणं आणि उतरणं थांबतं. पेपर ७० मिनिटांचा, प्रश्न ४५, त्यातले १७ ऐकण्याचे. बोलण्याचे शून्य. मला बोलणं शिकवायला आणलं आहे.

म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजासाठी आख्खं आकाश गप्प बसतं. मी समोर उभा राहून तेच इंग्रजी बोलतो, तेव्हा शेवटच्या बाकावरचा मुलगाही गप्प बसत नाही. त्या आवाजाला पगार नाही, व्हिसा नाही, सूप प्यायचं नाही.

जे गप्प असतात ते झोपलेले असतात. काही जण घरून उशी आणतात, तीही नीट अभ्रा घातलेली. त्यांचा दोष नाही. शाळेनंतर ते हागवॉनला, म्हणजे खाजगी क्लासला जातात. सोलमध्ये तर हागवॉन रात्री १० ला बंद करावेत असा नियमच करावा लागला. तिथे पालक पैसे भरतात, म्हणून मुलं जागी राहतात. माझा तास फुकट आहे, आणि फुकटच्या गोष्टीला कोणी डोळे उघडे ठेवत नाही. शिवाय व्याकरण त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. एका मुलीने माझं वाक्य फळ्यावर दुरुस्त केलं आणि वाकून नमस्कार करून जागेवर गेली. तिची दुरुस्ती चूक होती. पण परीक्षेत तीच चालते, असं सहशिक्षिकेने हळूच सांगितलं. फळ्यावर तीच राहिली.

परीक्षा संपली की मोठी मुलं मोकळी होतील, मग तुमच्या तासाला मन लावतील, असं मला वर्षभर सांगण्यात आलं होतं. ते खरं निघालं. परीक्षेनंतरच्या सोमवारी वर्ग भरलेला, एकही उशी नाही, पन्नास मिनिटं टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. पडद्यावर सिनेमा लावला होता. तो इंग्रजी होता हे मान्य करायला हवं. सहशिक्षिकेने त्याची कोरियन डब केलेली प्रत आणली होती.