आज दीड आहे!

असे काका प्रत्येक सोसायटीत एकच असतात. दोन असते तर गच्ची पुरली नसती.

हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले काका. परीक्षा देऊन सरकारी परवाना काढलेला. दारावरच्या पाटीवर आडनावाखाली ‘व्हीयू’ने सुरू होणारं कॉलसाइन. तयार अँटेना विकत मिळते, हे त्यांना सांगू नये. घरच्या पोळीसमोर खानावळीची पोळी ठेवल्यासारखा चेहरा करतात. घरातली जुनी वायर, बांबू, पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि काकूंची कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी, एवढ्यात त्यांचं भागतं. लाडवांच्या डब्यात फेराइटची कडी बसवली, तिच्यावर एकीकडे २ वेढे, दुसरीकडे १४. “वेढे सातपट, म्हणजे इम्पीडन्स एकोणपन्नासपट!” लाडू कुठे गेले, ते विचारायचं नाही.

हिशेब सोपा. १४३ ला मेगाहर्ट्झने भागायचं, अर्ध्या तरंगाची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ ला, म्हणजे ४० मीटरच्या बँडला, साधारण २० मीटर तार. गंमत पुढे आहे. तंबोऱ्याच्या एका तारेतून वरचे सूर आपोआप निघतात, तशी ही एकच तार ४० मीटरच्या बँडबरोबर २०, १५ आणि १० लाही बोलते. दहाला सूर जरा चढा लागतो. काका तेवढं मनाला लावून घेतात.

मग सुरू होतं ट्यूनिंग. तार आधी लांबच ठेवावी, हे पुस्तकात असतं. काकांनी पहिल्या दिवशी कापली आणि दुसऱ्या दिवशी कापलेलाच तुकडा परत सोल्डर केला. तेव्हापासून ते कापत नाहीत, टोक दुमडतात. दुसरं टोक धरून उन्हात उभं राहायचं काम माझं. “दोन बोटं आत घे!” मी घेतो. “एक सोड!” मी सोडतो.

सगळा जीव एसडब्ल्यूआरमध्ये, म्हणजे पाठवलेलं किती परत येतं ते सांगणाऱ्या आकड्यात. तो ३ असला तर पाठवलेल्या शक्तीतला चौथा हिस्सा माघारी येतो; दीडला शंभरातले चारच. “काल तीन होता, आज दीडवर आला!” हे जिन्यात ऐकून दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी डॉक्टर कोण, म्हणून विचारलं.

थट्टा पुरे. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात निरोप पोचवायला हॅमवालेही धावले होते, आणि तिथेही कुणीतरी आधी तारच बांधली असणार.

परवा अखेर इटली लागली. सिग्नल पाच-नऊ, नाव, गाव, हवामान एवढं मिनिटभरात उरकलं आणि मग खरा विषय निघाला. त्या गृहस्थाचीही अँटेना घरचीच, तारेची. एसडब्ल्यूआर मात्र पावणेदोन. काका संध्याकाळपर्यंत त्याच्यासाठी हळहळत होते.

तार आता २० मीटर १० सेंटिमीटरवर स्थिरावली आहे. काकूंचे टॉवेल अजून दारावरच वाळतात.